आधी कंट्रोल बघ

चि. मधुरा,


विषारीपणाच्या अभ्यासांची विश्वासार्हता ठरवणारा तुझा तक्ता रात्री बसून वाचला. जीएलपीचा (उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचा) शिक्का असलेले सगळे अभ्यास तू पहिल्या श्रेणीत घातलेस आणि विद्यापीठांतले जवळपास सगळे बाद केलेस. मला काळजी वाटली, म्हणून लगेच लिहिते आहे.

1997 साली बीएएसएफ कंपनीतल्या क्लिमिश आणि सहकाऱ्यांनी विश्वासार्हतेच्या या चार श्रेण्या मांडल्या. त्यांत प्रमाणित पद्धतीला आणि जीएलपीला झुकते माप आहे. पण जीएलपीमुळे नोंदी चोख राहतात; मुळात प्रयोग नीट आखला होता का, हे त्यातून कळत नाही.

उमेदवारीत मी डॅफ्निया या पाणपिसवांवर सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची चाचणी केली होती. वही स्वच्छ, सह्या जागेवर. पाण्यातली मात्रा मात्र मोजलीच नव्हती. जेवढे घातले तेवढे आहे, असे धरून चाललो. पुढे मोजले तेव्हा बरेचसे औषध काचेला चिकटलेले निघाले. जी मात्रा आम्ही निर्धोक म्हणून लिहिली, ती त्या जिवांपर्यंत पोचलीच नव्हती. ते मला अजून सलते.

म्हणून निष्कर्ष शेवटी वाच, आधी कंट्रोल, म्हणजे औषध न घातलेला गट, बघ. 48 तासांच्या डॅफ्निया चाचणीत कंट्रोलमधलेच 10 टक्क्यांहून जास्त जीव निपचित पडले असतील, तर ती चाचणी ग्राह्य नाही. द्रावक वापरला असेल तर त्याचा वेगळा कंट्रोल हवा. मोजलेली मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या 80 ते 120 टक्क्यांत टिकली नसेल, तर हिशेब मोजलेल्या आकड्यांवरच व्हायला हवा.

आणि विश्वासार्ह म्हणजे उपयोगी, असे धरू नकोस. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतले एथिनिलइस्ट्रॅडिओल सोडले, लिटरमागे जेमतेम 5 ते 6 नॅनोग्रॅम. नर माशांत मादीची लक्षणे आली आणि फॅटहेड मिनो माशांची वस्ती जवळजवळ संपली. 96 तासांत किती मासे मरतात एवढेच मोजणाऱ्या चाचणीला यातले काहीही दिसले नसते. तळे एकच, पद्धत कुठल्याही मार्गदर्शिकेतली नाही. तुझ्या तक्त्यात हा अभ्यास बाद झाला असता ना? अभ्यास पारखण्याचे 2016 चे क्रेड निकष याचसाठी काढ: विश्वासार्हतेचे 20, समर्पकतेचे 13, दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

बाद केलेले अभ्यास पुन्हा उघड. प्रत्येक श्रेणीपुढे कारण लिही, दुसऱ्याला पटेल किंवा खोडता येईल असे. तपशील अपुरा असेल तर लेखकांकडून कच्चे आकडे मागव. रविवारी फोन कर, पहिले पाच आपण मिळून वाचू.

तुझी,
आत्या