कार्डाची प्रत काढण्याआधी

सिंगल-बोर्ड संगणकांचा ताफा उभा करायचा म्हटले की बहुतेक जण एकच वाट धरतात. एका बोर्डावर सगळे नीट बसवायचे, त्याच्या मेमरी कार्डाची प्रत काढायची आणि ती बाकीच्या बोर्डांत घालायची. मग दोन बोर्डांचा मॅक अ‍ॅड्रेस सारखाच निघतो आणि दोष बोर्ड बनवणाऱ्याच्या माथी जातो. मला हे पटत नाही. असा घोळ पुष्कळदा कार्डातूनच आलेला असतो, म्हणून तो प्रत काढण्याआधी मिटवावा; मागाहून एकेका बोर्डाचा पत्ता बदलत बसू नये.

पत्ता येतो कुठून, हे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. जुन्या रास्पबेरी पायचा पत्ता बी८:२७:ईबी असा सुरू होतो आणि उरलेले तीन भाग बोर्डाच्या अनुक्रमांकातून येतात, त्यामुळे कार्ड कोणतेही घाला, पत्ता बोर्डाचाच राहतो. ऑलविनर चिप असलेल्या अनेक स्वस्त बोर्डांवर पत्ता साठवणारी वेगळी चिपच नसते. तिथे यू-बूट हा प्रोग्राम मुख्य चिपच्या ओळख क्रमांकावरून ०२ने सुरू होणारा पत्ता तयार करतो. पण 'ईथअ‍ॅडर' ही किंमत आधीच कार्डावर साठवलेली असेल, तर तो तीच वापरतो, आणि पहिल्या बोर्डाचा पत्ता सगळ्या प्रतींत जातो. तिसरी वाट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या जोडणीला कायमचा पत्ता नाही, तिला लिनक्समधली सिस्टमडी ही यंत्रणा नेहमीच्या मांडणीत मशीन-आयडीवरून, म्हणजे कार्डावरच्या प्रणालीच्या ओळख क्रमांकावरून, पत्ता काढून देते. मशीन-आयडी सारखा, तर पत्ताही सारखा.

असे दोन बोर्ड एकाच स्विचला जोडले की स्विचची पंचाईत होते. तो प्रत्येक पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला याची नोंद ठेवतो, आणि इथे ती नोंद सतत या पोर्टवरून त्या पोर्टवर जाते. पिंग चालते, थांबते, पुन्हा चालते. केबल बदलून काही होत नाही. डीएचसीपी दोघांना एकच आयपी देतो आणि 'आयपीचा संघर्ष' असा इशारा मात्र येत नाही, कारण तो इशारा समोरच्याचा मॅक वेगळा असेल तरच मिळतो. बिघाड शोधायला इतका वेळ जातो तो यामुळेच.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक वेळी सुरू होताना यादृच्छिक पत्ता घ्यावा. टक्कर टळेल हे खरे, पण राउटरवर राखून ठेवलेले आयपी निरुपयोगी होतील आणि कोणता बोर्ड कोणता हे कळणार नाही. हाताने पत्ते लिहून देण्याचा मार्ग वाईट नाही. त्यात पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असावा, म्हणजे तो पत्ता स्थानिक ठरतो आणि कुठल्या कंपनीच्या पत्त्यांवर अतिक्रमण होत नाही. राउटरपलीकडच्या जाळ्यात तोच पत्ता असला तरी बिघडत नाही. तरीही एवढ्याने काम संपत नाही. मॅक वेगळे असूनही सिस्टमडीचा डीएचसीपी क्लायंट स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगतो, त्यामुळे आयपी पुन्हा एकच मिळू शकतो. मूळ तिथेच आहे.

म्हणून मूळ कार्डावरच ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. पुढच्या वेळी सुरू होताना नवा क्रमांक आपोआप तयार होतो. डी-बसच्या फोल्डरात तिची स्वतंत्र प्रत असेल तर तीही काढा, नाहीतर जुना क्रमांक तिथून परत येतो. साठवलेला 'ईथअ‍ॅडर' पुसा, नेटवर्कच्या फाइलींत हाताने लिहिलेला मॅक उरला आहे का ते पाहा. एसएसएचच्या होस्ट-की काढा आणि पहिल्यांदा सुरू होताना नव्या तयार होतील अशी सोय करा. एवढे झाले की लगेच बोर्ड बंद करा. ते कार्ड एकदा जरी पुन्हा सुरू झाले, तर नवी ओळख त्यात उमटते आणि सगळे परत करावे लागते. पहिल्या दोनच प्रती काढून त्यांचे मॅक, मशीन-आयडी, आयपी आणि होस्ट-की शेजारी ठेवून पाहा. चारही वेगळे दिसले की मगच उरलेल्या कार्डांना हात घाला.