जप वाढवू का?

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या सत्संगानंतर एका माउलीनं हळूच विचारलं, "दादा, पोरगा रात्र-रात्र झोपत नाही. दुकानही उघडत नाही. जप वाढवू का?"

वाढवा की. पण त्याला डॉक्टरांकडेही न्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या थोरल्या वहिनी दुसऱ्या बाळंतपणानंतर बोलायच्याच बंद झाल्या. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायच्या. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, कुणी म्हणालं नाटकं. गंडे-दोरे, उतारे करण्यात आम्ही तीन महिने घालवले. डॉक्टर म्हटलं की आई उसळायची, "धारवाडला न्यायला ती काय येडी हाय?" आपल्या भागात धारवाड म्हटलं की आधी पेढा आठवायला पाहिजे, पण आठवतं ते वेड्यांचं इस्पितळ! एका पहाटे वहिनी विहिरीच्या काठावर बसलेल्या दिसल्या, तेव्हा आमचे डोळे उघडले.

बेळगावात डॉक्टरांनी सांगितलं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य, आजार आहे, बरा होतो. गोळ्या दिल्या, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक ताईंशी तासभर बोलणं. "नुसतं बोलून काय होतंय?" असं तेव्हा मीच म्हणालो होतो.

आणि गीता रोज वाचत होतो! कुरुक्षेत्रावर अर्जुनाचं अंग कापायला लागलं, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून सुटलं. भगवंतांनी आधी त्याला फटकारलं. त्यानं तो उठला नाही. मग त्याचे प्रश्न ऐकत, उत्तरं देत दुसऱ्यापासून अठराव्या अध्यायापर्यंत ते बोलत राहिले. आपण मात्र "मन घट्ट कर" एवढ्यावरच थांबतो.

"एकदा गोळ्या लागल्या की जन्मभराच्या" ही भीतीही खूप जणांना असते. काहींना त्या जास्त दिवस लागतात, पुष्कळांच्या पुढं डॉक्टर हळूहळू बंद करतात. आपल्या मनानं बंद करू नका. समुपदेशक तर गोळ्या देतच नाहीत.

लांब जायचीही गरज नाही. गावातल्या दवाखान्यातून मनाचे उपचार देण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात झाला. त्याच धर्तीवर १९९६ पासून देशभर जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तालुक्याला मनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, ते आशाताईंना विचारा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. घरात कुणी "जीव नकोसा झालाय" म्हणालं तर थट्टेवारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच फोन लावा.

वहिनी आता पारायणाला पुढच्या रांगेत असतात. हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिहा की भावजी. पण सासूबाईंचं ते धारवाडचं बोलणं गाळू नका."