अनेक हातांचे कागदी दृश्य

प्रश्न : वर्गातील मुलांना मिळून उडत्या माशांच्या गावाचे त्रिमित कागदी दृश्य करायचे आहे, तर वेगवेगळे केलेले भाग नीट कसे जुळतील?

उत्तर : यासाठी ‘बोगदा-रचना’, म्हणजे मधोमध कापलेले चित्रस्तर एकामागे एक उभे करून खोली दाखवणारी पद्धत, सोयीची असून, लंडनमधील टेम्स नदीखालचा बोगदा १८४३ मध्ये खुला झाला तेव्हा त्याची अशी कागदी दृश्ये स्मरणवस्तू म्हणून विकली जात. प्रत्येक मुलाला दर चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम वजनाचे, एकाच मापाची चौकट आखलेले कार्डशीट द्यावे, मागचे स्तर दिसावेत म्हणून पुढचे कापीव भाग मोठे ठेवावेत आणि स्तर जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांच्या पंख्यासारख्या घड्या कागदाच्या तंतूंना समांतर घालाव्यात, कारण तंतूंना छेदणाऱ्या घडीवर जाड कागद तडकतो. चौकटीचे माप काटेकोर पाळावे. आतली कल्पना मात्र मुलांवरच सोपवावी.