ओव्यांची पुस्तिका काढतेस, तर ऐक

डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तू उतरवून घेतल्यास आणि आता स्वतःच छापायच्या म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. माझं उभं आयुष्य नारायणगावात छपाईत आणि बांधणीत गेलं. त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

संगणक उघडण्याआधी एक ठरव: ही पुस्तिका कोणाच्या हातात असणार? एक जुनं उदाहरण बघ. आपल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीशिवाय लग्न लावलं, त्यावर फिर्याद झाली आणि खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. त्याच काळात, १८८७ साली, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाच्या मंगलाष्टकांची आणि पूजाविधीची छोटी पुस्तिका काढली. ती लग्नाच्या मांडवात उघडून म्हणायची होती, कपाटात ठेवायची नव्हती. तुझी पुस्तिका साठी-सत्तरीच्या बायका ओसरीवर बसून, चष्मा सावरत, चालीवर म्हणणार आहेत. आकार, टाइप, कागद, सगळं त्यांच्याकडे बघून ठरव.

ओवीची ओळ लांब असते. उभ्या, अरुंद पानावर ती मोडते आणि शेवटचे दोन शब्द खाली लोंबकळतात. म्हणणारीचा श्वास तिथेच तुटतो. म्हणून तू आडवं पान घे. जुन्या शाहिरांची, कीर्तनकारांची बाडं बघितलीस तर ध्यानात येईल, लांबट पानावर ओळ कशी ऐसपैस बसते. ए-थ्री कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापून दोन पट्ट्या कर. प्रत्येक पट्टी मधे दुमडली की आडव्या ए-फाइव्हची चार पानं मिळतात. आठ पट्ट्या म्हणजे बत्तीस पानं. पानांची संख्या चाराच्या पटीतच येणार, तेव्हा ओव्या त्या हिशेबाने निवड. नुसती जागा उरली म्हणून कमअस्सल ओवी आत घालू नकोस. पान कोरं राहिलेलं परवडलं.

साध्या कागदाची डमी आजच कर. पेन्सिलीने पानांचे आकडे घाल आणि कुठली ओवी कुठे येते ते हाताने लिही. एक ओवी दोन पानांत फुटता कामा नये, निदान पान उलटताना तरी नाहीच. पट्ट्या एकात एक घातल्या की आतल्यांच्या कडा बाहेर डोकावतात. त्या शिवून झाल्यावर छाटाव्या लागतात. म्हणून बाहेरची मोकळी जागा दीड सेंटिमीटरच्या खाली आणू नकोस.

आता टाइप. इंग्रजी पुस्तकाच्या मापाने मराठी मजकूर लावला की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. चौदा पॉइंटाचा टाइप असेल तर दोन ओळींतलं अंतर वीस-एकवीस पॉइंट ठेव. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श आहे का ते बघ. मग एका कागदावर ‘वाऱ्यावर, दऱ्या, गोऱ्हा, खण, कृष्णा’ एवढे शब्द छापून घे. जो फॉन्ट इथे अडखळेल तो सोडून दे. जुन्या श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा प्रूफ पडद्यावर वाचू नकोस, कागदावर वाच. आणि ऑपरेटरला बजावून सांग, ‘व्हती’चं ‘होती’ करायचं नाही. बाई जशी म्हणाली तशीच ओळ राहिली पाहिजे. शेवटचं प्रूफ तिलाच वाचून दाखव. कुठे चुकलंय ते ती चालीवरूनच सांगेल.

आपल्या जुन्नरच्या हातकागदाला एकेकाळी नाव होतं, पण तुला तसला महाग कागद नको. नॅचरल शेडचा ऐंशी-नव्वद जीएसएमचा कागद पुरे. त्यावर डोळे दिपत नाहीत. घेताना कागद दोन्ही दिशांनी हलकाच वाकवून बघ. ज्या दिशेने तो सहज वाकतो, घडी त्याच दिशेने पडली पाहिजे. नाहीतर घडी फाकते आणि पुस्तिका मिटून राहत नाही. मुखपृष्ठाला चकचकीत लॅमिनेशन नको. भीमाशंकरकडच्या ओल्या हवेत एका बाजूने लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं.

त्याच हवेत स्टेपलरच्या पिनाही गंजतात आणि घडीवर तांबडा डाग पडतो. दोऱ्याने शीव. घडीवर तीन भोकं पाड: एक मधोमध, दोन कडांपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत. जाड सुती दोरा मेणावरून ओढून घे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढ, वरच्या भोकातून आत घे, मधलं भोक वगळून खालच्यातून बाहेर आण आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. ती त्या टाक्यावर घट्ट गाठ. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढ, उभा ओढलास तर कागद फाटतो. पहिल्या दहा प्रती सावकाश होतील, मग हात बसेल.

ओवी सांगणाऱ्या प्रत्येकीला विचारून तिचं नाव आणि तिचं मूळ गाव छाप. गाव पाण्याखाली गेलं असलं तरी त्याचं नाव पानावर येऊ दे. मुद्रक, प्रकाशक, ठिकाण आणि साल यांची ओळ १८६७च्या कायद्यापासून आपल्या पुस्तकांवर येत आली आहे, ती गाळू नकोस. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. टपालखर्च आपला, पण पाठव. त्या बायकांची नावं तिथे नोंदली जातील.

आधी दहाच प्रती काढ, त्या बायकांच्या हातात दे, त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त कर आणि मगच शंभर छाप. पाऊस लागण्याआधी काम उरकायचं असेल तर डमी घेऊन येत्या रविवारी या मामाकडे ये. सुई, मेण आणि दोरा मी काढून ठेवतो.