भोजनातील मात्रा आणि रक्तदाब

भोजनाची मात्रा जाणणे यास पालीत ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणतात. उच्च रक्तदाबाच्या पथ्याचेही हेच सूत्र आहे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ अभ्यासात ४५९ प्रौढांचा आहार तपासला गेला. फळे, भाज्या, कडधान्ये व कमी स्निग्धांशाचे दूध अधिक, मांस व गोड कमी, असा आहार घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा दाब, नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे ११ अंकांनी उतरला. मीठ व वजन तेवढेच राखले होते. बराचसा फरक दोन आठवड्यांतच दिसला.

ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी आपल्या घरी आहेच. लोणचे-पापडातील मीठ मात्र मोजावे; दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पथ्य औषधाला साथ देते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना आपण गोळी सोडू नये.