थंडीआधीची चूल

अभ्यासासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 28:1-6



प्रथम शास्त्रभाग उघडून वाचावा. फुटलेल्या जहाजातून 276 माणसे मिलिता बेटाच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता, थंडी वाजत होती. बेटावरच्या लोकांची भाषा वेगळी होती, ओळख नव्हती. तरी त्यांनीच या भिजलेल्यांसाठी विस्तव पेटवला. पौलाने काटक्यांची मोळी विस्तवावर टाकली आणि ऊब लागताच तिच्यातून साप निघाला. आपण बहुधा सापापाशीच थांबतो. मला आता आधी दिसतात ते विस्तव पेटवणारे लोक.

सातपुड्यात धडगाव भागातील एका पाड्यावर माझी पहिलीच थंडी होती. आपण प्रेमाने पाठवलेल्या ताडपत्र्या आम्ही घरोघर वाटल्या. एका पावरा आजीच्या घराला आढ्याखाली हातभर फट होती. आत महिन्याची नात. मी म्हटले, "आजी, ही फट ताडपत्रीने बंद करून घ्या, बाळाला गारठा लागतो." आजी हसल्या. "बाई, धूर कुठून जाईल?" मला तो हट्ट वाटला. मी आणखी दोनदा सांगून पाहिले.

त्याच आठवड्यात मी स्वतःच्या खोलीत घमेल्यात निखारे घेतले, दार-खिडकी लावली आणि झोपले. धूर नव्हता, म्हणून निर्धास्त होते. पहाटे डोके फुटेल असे दुखू लागले, उलटी झाली, पायांत बळ नव्हते. सरपटत जाऊन दार उघडले म्हणून आज हे लिहीत आहे. पाणी घेऊन आल्या त्या त्याच आजी.

झाले ते असे. बंद खोलीत अर्धवट जळणारे निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. धुराने निदान डोळ्यांना पाणी तरी येते. अर्थात धूरही साधा नाही. घरातील चुली-शेगड्यांच्या धुराने जगभरात 2020 साली सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून अधिक.

म्हणून थंडीची तयारी चुलीपासून करावी, आणि ती कशी करावी हे मी आजींकडेच शिकले. पाऊस संपला की त्या लांब काठीला झाडू बांधून आढ्याखालची काजळीची जळमटे काढतात. ठिणगी उडाली की आधी तीच पेट घेतात. मग चुलीचे तडे. चाळलेली माती, भाताचे तूस आणि शेण एकत्र मळून ते लिंपायचे, आणि सावकाश वाळू द्यायचे. घाईने जाळ केला तर नवे लिंपण पुन्हा तडकते. ज्यांच्या चुलीला धुराचा पाइप आहे त्यांनी तो उतरवून झटकावा. पाइपाच्या चुली पुष्कळ ठिकाणी पडून राहिल्या, त्याचे एक कारण हेच की पाइप चोंदला आणि साफ कोणी केला नाही.

सरपणाचे महत्त्व मला उशिरा कळले. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी आटवण्यातच जाळ खर्ची पडतो, आणि ऊब कमी, धूर फार असे होते. आजी लाकडे जमिनीपासून वर, दगडांवर रचतात. खाली हवा खेळते आणि फुरसे किंवा विंचू बसला तर दिसतो. ओढताना आधी काठीने ढोसायचे, मग हात घालायचा. पौलाच्या मोळीला कोणी काठी लावली नव्हती!

राखेविषयी एक गोष्ट. वरून विझलेली दिसली तरी आत निखारा कित्येक तास जिवंत राहतो. ती कुडाच्या भिंतीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नये. पाणी शिंपडून दुसऱ्या दिवशी काढावी. मूल भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. राख, टूथपेस्ट काही लावू नये, आणि दवाखाना गाठावा.

घराघरांत गॅस आला, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते, आणि थंडीत सारे घर चुलीभोवतीच निजते. तेव्हा चूल सोडा असे सांगून भागणार नाही.

यंदाही ताडपत्र्या येतील. त्या अंथरताना आम्ही प्रथम घरच्या बाईला विचारणार आहोत की धूर कुठून जातो; तेवढी जागा उघडी ठेवूनच दोरी बांधू. जाड घोंगड्या अधिक पाठवता आल्या तर पाठवाव्यात, कारण पांघरूण पुरेसे असले की निखारे उशाशी घ्यावे लागत नाहीत. आजींची नात आता चालते. चुलीभोवती त्यांनी गुडघाभर दगड रचले आहेत, आणि ती त्यांवर चढू पाहते.