बेटांवरील गेंड्या भुंगा : वर्गीकरणाचे महत्त्व

नारळाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी उमलली, की गेंड्या भुंगा लागला हे कोकणातील बागायतदार तत्काळ ओळखतो. लिनिअसने १७५८ मध्ये नामकरण केलेला हा कीटक मूळचा दक्षिण व आग्नेय आशियातील. १९०९ च्या सुमारास तो श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर पोहोचला आणि पुढे इतर बेटांवर पसरून तेथील नारळबागांना घातक ठरला.

१९६३ मध्ये आलोइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञास मलेशियात या भुंग्याच्या अळ्यांमध्ये एक विषाणुरोग आढळला. १९६७ मध्ये हा विषाणू सामोआत सोडण्यात आला आणि किडीचा जोर ओसरला. इतर बेटांवरही हा उपाय यशस्वी झाला. मात्र २००७ मध्ये ग्वाम बेटावर भुंगा आढळला, तेव्हा त्याच विषाणूचा तेथे अपेक्षित परिणाम दिसेना. नमुने तपासता रूप तेच होते. परंतु डीएनएच्या तुलनेत हा प्रकार वेगळा ठरला. २०१३ मध्ये हवाई बेटांवर आढळलेला भुंगाही याच प्रकारचा निघाला. केवळ बाह्य रूपावर विसंबून उपाय योजल्यास श्रम व पैसा वाया जातो, हा या घटनेचा बोध होय.

म्हणूनच नमुना शास्त्रशुद्ध रीतीने जतन करणे आवश्यक ठरते. भुंगेऱ्यास टाचणी उजव्या कठीण पंखातून टोचतात. टाचणीखालील चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, वनस्पती व संग्राहकाचे नाव लिहितात. अशी चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासास फारसा उपयोगी पडत नाही. डीएनए तपासणीसाठी काही नमुने मद्यार्कात ठेवावे लागतात. गेंड्या भुंग्यात नराचे शिंग सामान्यतः लांब असते. मादीच्या उदराच्या टोकास तांबूस केसांचा झुबका असतो. एवढा फरक शाळेतील विद्यार्थीही सहज ओळखू शकतात.

आपल्या गावीही हे कार्य अल्प खर्चात करता येईल. या किडीच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यांत व कुजक्या माडाच्या खोडांत वाढतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह तेथील नमुने चिठ्ठीसह जमवावेत. ग्रामपंचायतीने कुजकी खोडे हलवून खतखड्ड्यांची वेळोवेळी तपासणी करावी. वेगळे लक्षण दिसताच नमुना कृषी विभागाकडे पाठविल्यास संभाव्य संकटाची सूचना वेळीच मिळू शकेल.